वाचनालयातलं सायबर मदत टेबल : नागपूरच्या तीन ग्रंथालयांतल्या प्रकल्प नोंदी

ठिकाण : महाल, मानेवाडा आणि जरीपटका भागांतली तीन शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयं. काम : वाचकांसाठी ऑनलाइन सुरक्षेचं कायमचं मदत टेबल उभं करणं. दुसऱ्या ग्रंथालयांना या नोंदी थेट कामाला याव्यात, म्हणून तांत्रिक तपशील गाळलेले नाहीत.

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

तिन्ही ठिकाणची पाहणी झाली. मूळ आराखड्यात व्याख्यानं आणि भित्तिपत्रकं पहिल्या महिन्यात होती. ती पुढे ढकलली आहेत, कारण काउंटरच दुरुस्तीला आलं आहे. सदस्यत्वाच्या अर्जाला आधार कार्डाची झेरॉक्स टाचलेली, आणि हे अर्ज उघड्या कपाटात. सार्वजनिक संगणकाच्या ब्राउझरमध्ये वाचकांचे पासवर्ड साठलेले. वाय-फायचा पासवर्ड भिंतीवर लिहिलेला आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा पासवर्डही तोच. प्रिंटसाठी कागद पाठवायला ग्रंथालयाचा एक व्हॉट्सअॅप नंबर, त्यात लोकांची आधार, पॅन, जातीचे दाखले, गुणपत्रिका तशाच पडून.

‘आपली कागदपत्रं कुणाला पाठवू नका’ असं या काउंटरवरून सांगितलं, तर कुणी का ऐकावं? आधी ग्रंथालयाचं घर नीट करायचं, मग वाचकांकडे वळायचं, असा क्रम ठरला.

६ नोव्हेंबर, गुरुवार : सार्वजनिक संगणक

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इथले जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत आणि नवे घ्यायला अनुदान पुरत नाही. त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स मिंट या मोफत ऑपरेटिंग सिस्टीमची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती टाकतो आहोत. तिला २ जीबी रॅम चालते, पण ब्राउझर नीट चालायला ४ जीबी हवी. डिस्कवर किमान २० जीबी जागा लागते. शक्य असेल तिथे जुनी हार्ड डिस्क काढून २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, घालावी. संगणकाला दुसरं काही केलं नाही तरी चालेल, एवढा फरक या एका बदलाने पडतो.

मिंट घेण्याचं खरं कारण मात्र वेगळं : पाहुण्यांसाठीचं सत्र, म्हणजे गेस्ट सेशन. ‘लॉगइन विंडो’ सेटिंगमध्ये ‘युजर्स’ टॅबवर ते चालू करता येतं. वाचक बसतो, काम करतो आणि लॉगआउट करतो. त्याबरोबर डाउनलोड, ब्राउझरचा इतिहास, उघडी राहिलेली खाती, सगळं पुसलं जातं. कर्मचाऱ्याने आठवणीने काही साफ करायची गरज उरत नाही.

अडचणी तीन आल्या, आणि कुठेही येतील अशाच आहेत.

वाचकाने भरलेला अर्ज डाउनलोडमध्ये ठेवला आणि चहाला जाताना लॉगआउट केलं, की अर्ज गेला. मॉनिटरच्या चौकटीवर पट्टी लावली : ‘लॉगआउट केल्यावर इथलं काहीही उरत नाही. आधी पेन ड्राइव्हवर किंवा स्वतःच्या मेलवर घ्या.’

मराठी कळफलक दर नव्या सत्रात नाहीसा होतो. तो एका खात्यापुरता न ठेवता सिस्टीमच्या पातळीवर जोडायचा. प्रिंटरचंही तसंच : मुख्य खात्यातून सर्वांसाठी जोडायचा. टायपिंगचा सराव करणारी मुलं रेमिंग्टनवर बसलेली असतात आणि इन्स्क्रिप्ट दिसला की उठून जातात, म्हणून दोन्ही कळफलक ठेवले.

विंडोजमधला मराठीचा मंगल फॉन्ट इथे नसतो. वर्डमधली मराठी फाइल उघडली की ओळी सरकतात आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. नोटो आणि लोहित फॉन्ट टाकले. तरीही वाचकांना सांगायचं की घरून निघतानाच पीडीएफ करून आणा. कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फाइलींना तर दुसरा उपाय नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार : प्रिंटचं काउंटर

संपूर्ण प्रकल्पात सर्वांत जास्त धोका इथे आहे, आणि सर्वांत कमी लक्षही इथेच जातं. नागपुरात कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात ‘याच नंबरवर पाठवा’ ही रीत आहे. वाचनालयाने ती जशीच्या तशी उचलली. पाठवलेली फाइल फोनच्या गॅलरीत उतरते, गॅलरीची प्रत गुगलच्या खात्यावर जाते, आणि तोच फोन शिपायापासून संचालकापर्यंत सगळ्यांच्या हातात असतो. वाचकाने आपल्याकडून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं, तरी काउंटरवर आधीच उतरवलेली प्रत राहू शकते.

नवी पद्धत अशी. पहिला पर्याय : टाइप-सी आणि मायक्रो यूएसबी अशा दोन्ही तोंडांचा ओटीजी, म्हणजे थेट फोनला लागणारा, पेन ड्राइव्ह. काउंटरवर दोन ठेवले. वाचक स्वतः फोनमधून फाइल त्यावर घेतो, कर्मचारी छापतो, वाचकासमोर ड्राइव्ह फॉरमॅट करतो. दुसरा पर्याय : वाचकाने गेस्ट सेशनमध्ये बसून स्वतःचा मेल उघडायचा, छापायचं आणि लॉगआउट करायचं. दोन्ही जमत नसेल तरच व्हॉट्सअॅप, तेही वेगळ्या फोनवर : ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ (आलेल्या फाइली गॅलरीत दिसणं) बंद, आपोआप डाउनलोड बंद, बॅकअप बंद आणि नव्या संवादांसाठी संदेश २४ तासांनी नाहीसे होण्याची सोय चालू. छापून झालं की संवाद आणि डाउनलोड केलेली फाइल, दोन्ही वाचकासमोर पुसायच्या.

काही वाचक संगणकावर व्हॉट्सअॅप वेब उघडून तसेच निघून जातात. एका खात्याला चार उपकरणं जोडता येतात, त्यामुळे आपल्या फोनवर काही बदललेलं दिसत नाही आणि शंकाही येत नाही. ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन अनोळखी नावावर लॉगआउट करायचं, हे प्रिंट घ्यायला आलेल्या प्रत्येकाला तिथेच दाखवायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

बिघडलेल्या प्रिंटांसाठी क्रॉस-कट श्रेडर ठेवला. आधी हे कागद मागे कोरे म्हणून कच्च्या कामाला वापरले जात होते आणि त्यांवर लोकांचे खाते क्रमांक होते.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार : सदस्यत्वाचा अर्ज

आधारची झेरॉक्स घेणं बंद. ओळखपत्र पाहायचं, अर्जावर ‘ओळखपत्र पाहिले’ लिहून सही करायची, कार्ड परत द्यायचं. जिथे प्रत ठेवण्याचा आग्रहच आहे तिथे मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच अंक दिसतात. आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवताना हा पर्याय निवडावा लागतो. पीडीएफ उघडत नाही ही तक्रार काउंटरवर सारखी येते. पासवर्ड असतो नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं, मोठ्या लिपीत, आणि पुढे जन्मवर्ष. नाव आधारवर जसं छापलं आहे तसंच धरायचं.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम याच महिन्यात अधिसूचित झाले. त्यातली बरीच बंधनं पुढे टप्प्याने लागू होतील, पण वाट पाहण्याचं कारण नाही. जी माहिती लागत नाही ती घ्यायची नाही, एवढं आज करता येतं. जुन्या झेरॉक्सचं काय करायचं हा प्रश्न कार्यकारिणीसमोर ठेवला आहे. लेखापरीक्षणाला काय लागतं याची यादी आल्याशिवाय काहीही फाडायचं नाही. तोवर कपाटाला कुलूप.

२० नोव्हेंबर, गुरुवार : वाय-फाय

राउटरचा प्रशासक पासवर्ड बदलला, डब्ल्यूपीएस (पासवर्डशिवाय, बटण किंवा पिनने वाय-फाय जोडण्याची सोय) बंद केलं, वाचकांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क केलं. ग्रंथालयाचा हिशेबाचा संगणक आणि वाचकांचे फोन एकाच जाळ्यात असणं चुकीचं होतं.

डीएनएस म्हणजे संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधून देणारी सेवा. ती बदलून फसव्या संकेतस्थळांना आळा बसतो. क्लाउडफ्लेअरचं १.१.१.२ आणि जोडीचं १.०.०.२ घातक संकेतस्थळं अडवतं. १.१.१.३ आणि १.०.०.३ त्याशिवाय प्रौढांसाठीची संकेतस्थळंही अडवतं. बालविभागात दुसरं ठेवलं, बाकी ठिकाणी पहिलं. सगळीकडे कडक गाळणी लावावी असा आग्रह होता. आमचं मत त्याविरुद्ध आहे. ग्रंथालय हे प्रौढ वाचकाला माहिती नाकारण्याचं ठिकाण नाही, आणि अशा गाळणीत लैंगिक आरोग्याची पानंही कधी कधी अडकतात.

बदल केल्यावरही गाळणी काम करत नसेल, तर ब्राउझरमधलं ‘सिक्युअर डीएनएस’ तपासायचं. ते चालू असेल तर ब्राउझर राउटरला वळसा घालतो. सार्वजनिक संगणकावर फायरफॉक्सच्या पॉलिसी फाइलमधून ते बंद करून कुलूप लावलं. वाचकाच्या स्वतःच्या फोनवर त्याची सेटिंग त्याची राहील.

२६ नोव्हेंबर, बुधवार : टेबलाचे नियम

आज संविधान दिन. महालच्या ग्रंथालयात दरवर्षीचं उद्देशिकेचं वाचन झालं. त्याला जोडून फलकावर २४ ऑगस्ट २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाची माहिती लावली : खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असा सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा एकमुखी निर्णय. मदत टेबलाचे नियम याच फलकाखाली चिकटवले आहेत, कारण ते त्याच अधिकाराचे आहेत.

फोन वाचकाच्याच हातात राहील, कर्मचारी बोटाने दाखवेल, स्वतः दाबणार नाही. पिन, ओटीपी, पासवर्ड टाकताना कर्मचारी तोंड फिरवेल. बँकेचं अॅप टेबलावर उघडायचं नाही. अडचण नोंदवायची, नाव नोंदवायचं नाही.

पहिला नियम पाळणं सर्वांत अवघड. आजी म्हणतात, ‘तूच करून दे ना बाप्पा, मले काही समजत नाही.’ करून दिलं तर दोन मिनिटांत होतं, दाखवलं तर वीस. पण आज आपल्या हाती फोन देणारी आजी उद्या ‘बँकेतून आलो’ म्हणणाऱ्याच्या हातीही देईल. फोन कुणालाच न देण्याची सवय लावणं हाच इथला पहिला धडा आहे.

मांडणी : टेबल भिंतीला काटकोनात, वाचकाची पाठ भिंतीकडे, म्हणजे मागून कुणाला पडदा दिसत नाही. दोन खुर्च्या, एक भिंग, चार्जर. वेळ संध्याकाळी ५ ते ७, वृत्तपत्रं वाचायला येणारे ज्येष्ठ त्या वेळी असतातच.

३ डिसेंबर, बुधवार : पहिली बैठक

महिन्याचा पहिला बुधवार केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सूचनेनुसार सायबर जागरूकता दिवस म्हणून पाळला जातो, तोच धरला. ४० मिनिटं, त्यांतली १० माहितीची आणि ३० सरावाची.

विषय ‘डिजिटल अटक’ : पोलीस किंवा अधिकारी असल्याचं भासवून व्हिडिओ कॉलवर माणसाला धाकात ठेवायचं आणि पैसे उकळायचे. भारतीय कायद्यात असा प्रकार नाही. कोणतंही पोलीस दल, सीबीआय, ईडी किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला ताब्यात ठेवत नाही. हे वाक्य आता बहुतेकांना पाठ आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांच्या ‘मन की बात’मध्येही ते आलं होतं. तरीही माणसं फसतात. खोटा अधिकारी हिंदी-इंग्रजीत कडक आवाजात बोलतो, आधारचे खरे अंक सांगतो, ‘घरच्यांना सांगितलंत तर त्यांनाही उचलू’ म्हणतो. घाबरलेल्या माणसाला माहिती आठवत नाही, तोंडात बसलेलं वाक्य आठवतं.

म्हणून फोन ठेवण्याचा सराव घेतला. कार्यकर्ता दुसऱ्या खोलीतून हिंदीत दरडावतो, समोरच्याने एकच वाक्य म्हणून फोन कापायचा : ‘मैं फोन रखता हूँ, थाने जाकर बात करूँगा.’ मराठीत उत्तर देण्याचा आग्रह धरून पाहिला, पण हिंदी ऐकून नागपूरकर आपोआप हिंदीवर येतो. त्याच्याशी झगडण्यात अर्थ नाही. वाक्य छोटं हवं. कारण सांगू लागलं की संभाषण लांबतं, आणि समोरच्याला तेच हवं असतं. निवृत्त शिक्षक आणि सरकारी नोकरीतली मंडळी फोन कापायला सर्वांत जास्त वेळ घेतात, ‘साहेबा’शी बोलताना मध्येच तोडायची त्यांना सवय नाही. त्यांचा सराव दोनदा घ्यावा.

५ डिसेंबर, शुक्रवार : १९३० चं कार्ड

१९३० ही सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन. पैसे गेल्यानंतर काय करायचं याचं कार्ड पाकिटात मावेल अशा आकाराचं, ३०० जीएसएम कागदावर, काळ्या मोठ्या अक्षरांत. लॅमिनेशन केलेलं नाही, कारण मागच्या बाजूला लिहायची जागा हवी. पहिल्या मसुद्यात सूचनांची लांब यादी होती, ती टाकून दिली.

समोर : आधी १९३० ला फोन. मग बँकेच्या हेल्पलाइनला सांगून खातं, कार्ड, यूपीआय बंद. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार.

मागे भरायच्या जागा : बँकेचं नाव, किती रुपये, तारीख आणि वेळ, व्यवहार क्रमांक, ज्याला गेले त्याचा यूपीआय आयडी किंवा खातं. १९३० वर हेच विचारतात आणि लोक तिथेच अडकतात. यूपीआयचा व्यवहार क्रमांक १२ अंकी असतो, अॅपच्या इतिहासात त्या व्यवहारावर टिचकी मारली की ‘यूटीआर’ म्हणून दिसतो. एसएमएस पुसला असेल तरी तिथे सापडतो.

घाई का, हे कार्डावर नाही पण तोंडी सांगायचं. गेलेली रक्कम एका खात्यातून दुसऱ्यात, तिसऱ्यात वाटली जाते आणि एटीएममधून निघते. ती कुठल्या तरी खात्यात असेपर्यंतच बँक थांबवू शकते. १९३० ची लाइन व्यग्र असेल तर थांबू नये, घरातल्या दुसऱ्याने पोर्टलवर तक्रार सुरू करावी. फोनवर तक्रार दिली की एसएमएसने पोचक्रमांक येतो. पुढे २४ तासांत पोर्टलवर ती पूर्ण करावी लागते, आणि हे फार जणांना माहीत नसतं. टेबलाची इथे सर्वांत जास्त गरज पडते : स्क्रीनशॉट निवडणं, घटनेचं वर्णन इंग्रजीत लिहिणं. पोर्टलच्या वर्णनाच्या रकान्यात विशेष चिन्हं चालत नाहीत. मजकूर स्वीकारला जात नसेल तर आधी ती काढून पाहा.

रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाचा सारांश टेबलावर ठेवला. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा अनधिकृत व्यवहाराची बँकेला तीन कामकाजी दिवसांत खबर दिली तर ग्राहकावर भार येत नाही. ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर खबर देईपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं असतं, खबर दिल्यानंतरचं बँकेचं. म्हणून बँकेला लेखी कळवून पोच घ्यायची, शाखेत तोंडी सांगून परत यायचं नाही.

१७ डिसेंबर, बुधवार : अभ्यासिका

पोलीस भरती आणि एमपीएससीची तयारी करणारी मुलं सकाळी सहापासून अभ्यासिकेत असतात. स्वतःला ती सायबर साक्षर समजतात, आणि फोन वापरण्यात आहेतही. त्यांचा धोका वेगळा आहे : खातं भाड्याने देणं. ‘तुझं खातं आणि एटीएम कार्ड महिनाभर दे, कमिशन देतो’, ‘टेलिग्रामवर टास्क कर, पैसे येतील ते पुढे पाठव.’ फसवलेल्या लोकांचे पैसे त्या खात्यातून फिरतात. खातं गोठतं, आणि दुसऱ्या राज्यातल्या पोलीस ठाण्याची नोटीस घरी येते. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत गुन्हा दिसला तर वर्षांची मेहनत जाते. ‘मला माहीत नव्हतं’ हे सिद्ध करायची जबाबदारी त्याच्याच गळ्यात पडते.

हा मुद्दा व्याख्यानात सांगायचा नाही. अभ्यासिकेच्या पाण्याच्या टाकीजवळ एका पानाचं पत्रक, त्यात फक्त : खातं, सिम, कार्ड कुणालाही द्यायचं नाही, दिलं असेल तर आजच बँकेला लेखी कळवा, कार्ड बंद करा, संवाद पुसू नका. शेवटचा भाग मुलं नेमका उलटा करतात, घाबरून आधी चॅट पुसतात. त्यांच्या बाजूचा पुरावा तोच असतो.

खोट्या भरतीची संकेतस्थळं ओळखण्याचा सराव फळ्यावर झाला. पत्ता उजवीकडून वाचायचा : सुरुवातीचं ‘https://’ सोडून पहिल्या तिरक्या रेषेच्या आधीचा शेवटचा भाग खरा मालक सांगतो. ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ शेवटी असेल तर शासनाचं. ‘महाराष्ट्र-गव्ह-इन डॉट ऑनलाइन’ असेल तर कुणाचंही. लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी बायका मुलांनाच फोन देतात, म्हणून हीच मुलं घरातली तपासनीस होऊ शकतात. बँकांचे पत्तेही आता ‘डॉट बँक डॉट इन’वर गेले आहेत, रिझर्व्ह बँकेने त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ची मुदत दिली होती. हे सांगायला सोपं आणि लक्षात राहणारं आहे.

२३ डिसेंबर, मंगळवार

मानेवाड्याला ई-चलानच्या नावाने आलेली एपीके फाइल, म्हणजे अँड्रॉइड फोनवर अॅप बसवणारी फाइल, घेऊन वाचक येत आहेत. लग्नपत्रिकेच्या नावानेही येते. सुरू करताना ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि मिळाली की ओटीपी थेट पुढे पाठवते. टेबलावरचा क्रम : फोन फ्लाइट मोडवर, वाय-फायही बंद. दुसऱ्या फोनवरून बँक आणि १९३०. मग फोन सेफ मोडमध्ये (बाहेरून घातलेली अॅप बंद ठेवून) सुरू करून ‘डिव्हाइस अॅडमिन’मधून त्या अॅपचा अधिकार काढायचा आणि अॅप काढायचं. अधिकार न काढता अॅप निघत नाही, इथेच लोक हार मानतात. फोटो वाचवून फॅक्टरी रिसेट केलेला बरा. पासवर्ड बदलायचे ते दुसऱ्या उपकरणावरून.

फक्त फाइल आली आहे, उघडलेली नाही, तर पुसली की झालं. ती ‘बघायला’ ग्रंथालयाच्या फोनवर घ्यायची नाही.

७ जानेवारी २०२६, बुधवार : निवडणुकीतले संदेश

महापालिकेचं मतदान १५ तारखेला. गटागटांत चित्रफिती फिरत आहेत. आजच्या बैठकीत कुठल्याही पक्षाचं उदाहरण घ्यायचं नाही असं आधीच ठरवलं, जुने पूर आणि अपघाताचे फोटो घेतले. ग्रंथालयाची निःपक्षपाती ओळख टिकवणं या टेबलासाठी जगण्यामरण्याचं आहे.

शिकवलं ते एवढंच. दुहेरी बाण म्हणजे संदेश बऱ्याच हातांतून आलेला, आणि असा संदेश व्हॉट्सअॅप एका वेळी एकाच संवादात पुढे पाठवू देतं. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून जुना आहे का पाहायचं. चित्रफितीचं एक दृश्य थांबवून त्याचा स्क्रीनशॉट घेऊन तेच करायचं. सरकारी योजनेबद्दलचा दावा असेल तर केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचं ‘पीआयबी फॅक्ट चेक’ पाहायचं. त्यानंतर जरीपटक्याच्या वाचकांनी विचारलं की आवाज खोटा असेल तर कसं ओळखायचं. कानाने ओळखणं आता भरवशाचं नाही, हे सरळ सांगितलं. मुलाच्या आवाजात पैशाची मागणी आली तर फोन ठेवायचा आणि मुलाच्या जुन्या नंबरवर आपण फोन लावायचा. घरात एक खुणेचा शब्द ठरवायचा, तो फोनवर किंवा चॅटवर कधी लिहायचा नाही.

२० जानेवारी, मंगळवार : बालविभाग

ही नोंद कर्मचाऱ्यांसाठी आहे आणि तिन्ही ठिकाणी वाचून दाखवली आहे.

खासगी फोटोवरून धमकावलं जात आहे असं एखादं मूल सांगू लागलं, तर पहिलं वाक्य : ‘तू सांगितलंस हे चांगलं केलंस, चूक तुझी नाही.’ पुढे प्रश्नांचा भडिमार नको. पैसे द्यायचे नाहीत, एकदा दिले की मागणी वाढते. ब्लॉक करण्याआधी धमकीचे संदेश, प्रोफाइलचा पत्ता आणि नंबर यांचे स्क्रीनशॉट मुलाने स्वतःच्या फोनवर ठेवायचे.

तो फोटो कर्मचाऱ्याने पाहायचा नाही, मागायचा नाही, पुराव्यासाठी आपल्या फोनवर तर मुळीच घ्यायचा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६७ ब नुसार बालकाचं असं चित्र साठवणं किंवा पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू मदतीचा असला तरी त्यात पडू नये. बालकाच्या मदतीसाठी १०९८, तक्रारीसाठी १९३० किंवा पोर्टलवरचा महिला आणि बालकांसाठीचा वेगळा विभाग. फोटो पसरू नये यासाठी अठरा वर्षांखालच्यांना ‘टेक इट डाउन’ आणि प्रौढांना ‘स्टॉप एनसीआयआय’ ही दोन मोफत संकेतस्थळं आहेत. ती फोटो मागत नाहीत. फोटोचा अंकीय ठसा फोनमध्येच तयार होतो, तेवढाच जातो, आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो फोटो अडवतात. व्हॉट्सअॅपवरच्या खासगी संवादात मात्र याचा उपयोग होत नाही, हेही सांगायचं. खोटी आशा नको.

पोक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याखाली गुन्ह्याची माहिती असलेल्याने कळवणं बंधनकारक आहे. म्हणून ‘कुणालाच सांगणार नाही’ असं वचन मुलाला द्यायचं नाही. ‘तुला विचारून, तुझ्यासोबत पुढे जाऊ’ एवढंच म्हणायचं.

३ फेब्रुवारी, मंगळवार : संचार साथी आणि आधार लॉक

हरवलेल्या फोनसाठी येणारे बरेच आहेत. संचार साथी या दूरसंचार विभागाच्या पोर्टलवर फोन बंद करायला आयएमईआय (फोनचा स्वतःचा १५ अंकी क्रमांक), पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत, ओळखपत्र आणि ओटीपी लागतो. ओटीपी हरवलेल्या सिमवरच येतो, म्हणून आधी डुप्लिकेट सिम. त्यावरही पहिले साधारण २४ तास एसएमएस येत नाहीत. लोक त्याच दिवशी येतात, ओटीपी येत नाही म्हणून वैतागतात. आता पहिल्या भेटीत सिम आणि तक्रार, दुसऱ्या दिवशी टेबल, असं सांगतो. आयएमईआय नसेल तर खोक्यावर किंवा बिलावर पाहायचा. ज्यांचा फोन हातात आहे त्यांनी आजच *#०६# दाबून तो सदस्य कार्डाच्या मागे लिहून ठेवावा.

त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. अनोळखी क्रमांकापुढे ‘नॉट माय नंबर’ निवडायचं. इथे घाई नको : मुलीला किंवा सासूला घेऊन दिलेला नंबर आपल्याच नावावर असतो, आणि तो चुकून बंद व्हायची वेळ येते. यादी कागदावर उतरवून, घरी विचारून मग निवडावं.

आधारचं बायोमेट्रिक लॉक अंगठ्यावरून पैसे काढण्याची फसवणूक थांबवतं. पण लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवरही अंगठा चालत नाही. हे न सांगता लॉक करून दिलं तर त्या माणसाची दुकानातली फेरी वाया जाते आणि टेबलावरचा विश्वासही जातो. रेशन किंवा निराधार योजनेचे पैसे अंगठ्यावर घेणाऱ्यांना आधी तात्पुरतं अनलॉक करायला शिकवायचं. ते जमलं तरच लॉक.

१० फेब्रुवारी, मंगळवार

आज सुरक्षित इंटरनेट दिन, फेब्रुवारीतला दुसरा मंगळवार. मंडप, सत्कार, काहीही ठेवलं नाही. टेबल नेहमीच्या वेळी चालू होतं, फक्त सकाळची दोन तासांची जादा पाळी घेतली आणि ज्यांना व्हॉट्सअॅपची दुहेरी पडताळणी लावायची होती त्यांच्यासाठी ती राखली. सहा अंकी पिन निवडताना जन्मसाल आणि गाडीचा नंबर टाळायला सांगितलं. पिन विसरल्यावर उपयोगी पडणारा मेल पत्ता बऱ्याच जणांकडे नव्हता किंवा त्याचा पासवर्ड आठवत नव्हता, म्हणून काम आधी जीमेल परत मिळवण्यापासून सुरू झालं. पुढच्या वेळी हा क्रम उलटा लावायचा : पहिल्या दिवशी मेल, त्यानंतर दुहेरी पडताळणी.

हस्तांतरणाची वही तिन्ही ग्रंथपालांना दिली. त्यात राउटर आणि मुख्य खात्याचे पासवर्ड बंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर दोघांच्या सह्या. पाकीट उघडलं की पासवर्ड बदलायचा. कर्मचारी बदलला तरी बदलायचा.

मार्चसाठी राहिलेलं : जरीपटक्याला सिंधी आणि हिंदीतलं १९३० चं कार्ड, मानेवाड्याच्या दोन संगणकांना एसएसडी, जुन्या झेरॉक्सबद्दल कार्यकारिणीचा लेखी ठराव, आणि उन्हाळ्याआधी ‘आज रात्री वीज कापणार’ या खोट्या संदेशाबद्दलचं पत्रक. महावितरणचे संदेश ज्या अक्षरी शीर्षकाने येतात ते त्यात मोठ्या टायपात छापायचं आणि शेजारी दहा अंकी मोबाइल नंबरवरून आलेला खोटा नमुना.